सरकारी गंजेडी

"पुंजाजी, मले एक गंजेडी पाह्यजे. बुधवारपर्यंत."

बेलगव्हाणचे मारोतराव पाटील विहिरीच्या काठावर टेकता टेकता हे अशा सुरात बोलले, की ऐकणाऱ्याला वाटावं वांग्याची दोन रोपं मागायला आलेत. पुंजाजी मोट हाकत होता. त्याच्या हातातला कासरा सैल पडला आणि मोटेचा हिऱ्या बैल जागच्या जागी उभा राहिला.

"मंग माह्याकडं कायले आले, पाटील?"

"आता तूच सांग बापा, दुसऱ्या कोनाकडं जाऊ?"

हे ऐकून पुंजाजीच्या काळजाला घरं पडली. त्याला कारणही होतं. मिसरूड फुटल्यापासून ओढत आलेला गांजा त्यानं पोळ्याच्या दिवशी सोडला होता. आपखुशीनं सोडला, असं म्हणायला जागा नाही. बैलांना ओवाळायचं ताट हातात घेऊन त्याची बायको प्रयागबाई दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली होती, "या घरात एक तं चिलीम राहीन, नाई तं मी राहीन. माह्यं माहेर कामरगावले हाये, ध्यानात ठेवा." मग पुंजाजीनं हिऱ्याच्या कपाळावर हात ठेवून सगळ्या गावादेखत शपथ घेतली. चिलीम प्रयागबाईनं स्वतःच्या हातानं आढ्यावर फेकली.

आता दिवाळी होऊन गेली होती. शपथ टिकली होती, पण पुंजाजी टिकतो की नाही अशी अवस्था होती. रात्रभर टक्क डोळे उघडे. अन्न पाहिलं की मळमळे. हात असे कापत की मिरच्या तोडताना झाडंच उपटून येत. जऊळक्याच्या बाजारात भाजीच्या ओळीला लागूनच गांजाचं सरकारी दुकान होतं, म्हणून त्यानं बाजाराचं नाव टाकलं. माळवं घेऊन प्रयागबाई जायची आणि हा घरी बसून बिनकामाचा तिच्यावर डाफरायचा. इतकं सोसूनही गावाच्या लेखी तो गंजेडी तो गंजेडीच. व्यसन सोडणाऱ्याला लोक एकदा शाबासकी देतात आणि नंतर त्याच्याकडेच काडेपेटी मागतात.

पाटलांनी सगळा प्रकार सांगितला. गांजानं माणसाचं काय नुकसान होतं, दुकानं वाढवावीत का बंद करावीत, याची सरकारनं चौकशी लावली होती. त्यासाठी नागपूरचे एक डॉक्टर गावोगाव हिंडत होते. त्यांना प्रत्येक गावात एक ओढणारा आणि त्याच्याच वयाचा एक जन्मात हात न लावलेला, असे दोन असामी तपासायला हवे होते. पाटील दोन दिवस घरोघर फिरले. एकाची पोरगी लग्नाची होती, एकाचा दावा कोर्टात होता, तिसऱ्यानं तर कानावर हात ठेवले. गावात गांजा कोणीच ओढत नव्हतं. तरी रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर धूर निघत होता, तो कशाचा हे त्या मारुतीलाच माहीत.

"माह्यं नाव लिवू नोका पाटील," पुंजाजी हात जोडून म्हणाला. "सरकारी कागदावर मी गंजेडी म्हनून चढलो तं प्रयागी उद्याच गाठोडं बांधते."

"अन गंजेडी नाई भेटला तं माही पाटीलकी जाते!"

दोघंही डोक्याला हात लावून बसले असताना रामराव आला. रामराव म्हणजे गावचा जुना पहिलवान. छाती कोठाराच्या दारासारखी, गळ्यात तुळशीची माळ, सुपारीचं खांडही न चाखलेला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि गदगदा हसला.

"लिवा माह्यं नाव."

"रामभाऊ, तुमी माळकरी मानूस!"

"म्हनूनच तं! मले गंजेडी लिवलं तरी कोन इश्वास ठेवते? तुमचं काम होते अन कोनाचं काही बिघडत नाई."

पाटलांना तो क्षणभर साक्षात विठ्ठलासारखा दिसला. राहिला प्रश्न न ओढणाऱ्याचा. पण डॉक्टर मोठी सुई टोचून रक्त काढतो अशी आवई उठली होती, त्यामुळे निर्व्यसनी माणसंही गावातून एकाएकी नाहीशी झाली होती. आणि तेव्हा पुंजाजीला ती बुद्धी सुचली.

"मंग दुसरा मले लिवा," तो म्हणाला.

"तुले? जन्मात हात न लावलेला?"

"पोळ्यापासून नाई लावला ना!" पुंजाजीचा आवाज चिरकला. "एकदा तं कोनी म्हना पाटील, का हा मानूस वढत नाई. डॉक्टरच्या तोंडून प्रयागीच्या कानावर जाऊ द्या."

पाटलांनाही दुसरा इलाज नव्हता. पुंजाजीचं सगळं बिनसलं ते इथे, आणि बिचाऱ्याच्या मनात पाप म्हणाल तर एवढंच होतं.

बुधवारी डॉक्टरसाहेब जऊळक्याला आगगाडीतून उतरून बैलांच्या दमणीनं गावात आले. चावडीत काटा टांगला, फीत काढली. रामरावानं गळ्यातली माळ काढून हळूच पाटलांच्या कोटाच्या खिशात सरकवली आणि पुढे झाला. छाती मोजताना फीत अपुरी पडली.

"कधीपासून ओढता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कळाले लागलं तवापासून, साहेब."

"भूक लागते?"

"पाच भाकरी. भरीत असलं तं सहा."

"झोप?"

"पडलो का डायरेक सकाळ."

"राग येतो? चिडचिड होते?"

रामराव विचारात पडला. "कोनाची, साहेब?"

डॉक्टर भराभर लिहीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर नवल मावेना. मग त्यांनी पुंजाजीला जवळ बोलावलं. पुंजाजीच्या छातीला फितीचा निम्मा भाग पुरला.

"तुम्ही कधीच ओढला नाही?"

"नाई, साहेब."

"झोप लागते?"

"नाई लागत."

"भूक?"

"भाकर पाह्यली का पोटात ढवळते."

"चिडचिड होते का?"

"कोनं सांगतलं तुमाले?" पुंजाजी उसळला. "या पाटलानं सांगतलं ना?"

डॉक्टरांनी मान हलवली आणि तेही लिहून घेतलं. इथवर सगळं ठीक होतं. पण मग त्यांनी पेटीतून एक पुडी आणि कोरी चिलीम काढली आणि रामरावापुढे ठेवली. "आता माझ्यासमोर ओढा. आधीची आणि नंतरची नाडी पाहायची आहे."

पाटलांचा चेहरा पांढराफटक पडला. रामरावानं मात्र एकदा माघार न घेण्याचं ठरवलं होतं. त्यानं चिलीम भरली, म्हणजे कोंबली, वर निखारा ठेवला आणि आरतीच्या वेळी शंख फुंकावा तशी सगळ्या छातीच्या जोरावर फुंकली. निखारा उडून डॉक्टरांच्या विजारीवर पडला.

"हे काय!" डॉक्टर विजार झटकत ओरडले.

"लाजून राह्यला, साहेब," पाटील घाईनं म्हणाले. "मोठ्या मानसापुढं सवय नाई."

रामरावानं पुन्हा चिलीम उचलली, तीही उलटी. पुंजाजीच्यानं हे पाहवेना. ज्या कामात उभी हयात गेली त्याची अशी विटंबना डोळ्यांदेखत होत होती. तो नकळत पुढे सरकला.

"रामभाऊ, आधी फडकं वलं करा. हां. ते खाली गुंडाळा. मूठ अशी धरा. आता वढा, फुकू नोका!"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही तर कधी हात लावला नाही ना?"

"पाहून पाहून येते, साहेब."

बोलता बोलता चिलीम त्यानंच नीट भरली होती, निखारा त्यानंच बसवला होता. आणि मग तो वास आला. इतक्या महिन्यांनी, नाकाच्या इतक्या जवळ. पुंजाजीच्या तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांना पाणी सुटलं, अंगाला दरदरून घाम फुटला. चिलीम त्यानं रामरावाच्या हातात जवळजवळ फेकली आणि श्वास कोंडून, दात आवळून तो भिंतीशी उभा राहिला. त्या घटकेला त्यानं जे केलं ते गावात दुसऱ्या कोणालाही जमलं नसतं. ते कोणालाही दिसलं नाही.

दिसलं ते डॉक्टरांना, तेही वेगळंच. त्यांनी त्याची नाडी धरली. ती उधळलेल्या खोंडासारखी धावत होती. "फारच नाजूक प्रकृती," ते पुटपुटले.

तिकडे रामराव आधी खूप खोकला. मग हसला. मग त्यानं एक अभंग इतक्या खड्या आवाजात म्हटला की चावडीबाहेर माणसं जमली. नंतर त्यानं जेवायला मागितलं आणि आठ भाकरी खाऊन डॉक्टरांना आशीर्वाद दिला.

"पाटील, इतकी गावं पाहिली, पण इतका स्वच्छ दाखला मिळाला नव्हता," डॉक्टर निघताना म्हणाले. "शेतकरी माणसाला गांजा बाधतो हा निव्वळ गैरसमज दिसतो. आणि पुंजाजी, तुम्ही प्रकृतीला जपा हो. तुमचं काही खरं दिसत नाही मला."

पुंजाजीनं खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात पाटलांचा जोडा त्याच्या पायावर पडला. "चूप बस," पाटील कानात म्हणाले. "सरकारले खोटं सांगतलं म्हनून तिघंबी आत जाऊ."

संक्रांत झाली आणि सरकारचा निकाल आला. चौकशीत बेलगव्हाणच्या शेतकऱ्यांची प्रकृती गांजामुळे उत्तम असल्याचं आढळलं होतं. अशा कष्टाळू लोकांना जऊळक्यापर्यंत हेलपाटा पडू नये म्हणून खुद्द गावातच दुकान मंजूर झालं होतं. दुकान चावडीच्या शेजारच्या खोलीत थाटलं गेलं. पुंजाजीच्या मळ्याची वाट नेमकी त्याच्यासमोरून जात होती.

पहिलं गिऱ्हाईक रामराव.

"रामभाऊ, तुमी?" पुंजाजीनं वाटेतच त्याला गाठलं. त्याला रडू कोसळायचं बाकी होतं. "तुमी तं माळकरी!"

"डॉक्टरच म्हने ना, माही तब्येत त्याच्यानंच हाये," रामराव डोळे मिचकावत म्हणाला. "म्हनलं, पाहून घ्यावं. लय बरं वाटते, पुंजाजी. अन चिलीम वढ्याची रीत तं तूच शिकवली, तुह्ये उपकार नाई विसरनार." त्याची माळ अजून पाटलांच्याच कोटात होती. ती परत मागायचं त्याला सुचलं नव्हतं आणि ती परत द्यायचा पाटलांना धीर झाला नव्हता.

पुंजाजी नाल्यातून, काट्याकुट्यातून लांबच्या वाटेनं मळ्यात जाऊ लागला. पण वाऱ्याला कोण अडवणार? वारा दुकानाकडूनच यायचा. पुंजाजीच्या गालांचे खड्डे आणखी खोल गेले.

एके दुपारी प्रयागबाई भाकरी घेऊन विहिरीवर आली. तिनं फडकं सोडलं. भाकरी होती, वांग्याची भाजी होती, आणि बाजूला एक पुडी होती. पुडीशेजारी आढ्यावरून काढून, राखेनं घासून लख्ख केलेली त्याची जुनी चिलीम.

पुंजाजीचा घास हातातच राहिला. "हे काय व?"

"घ्या थोडी," ती खाली मान घालून म्हणाली. "तोंडावर पदर घेऊन गेली मी दुकानात."

"प्रयागे, डोकं फिरलं का तुह्यं?"

"फिरलं तवा फिरलं होतं, पोळ्याले." तिचा बांध फुटला. "मीच तुमाले शपथ घ्याले लावली. पाटील सांगून राह्यले, डॉक्टरनं लिवलं, जो वढत नाई त्याचं काळीज कमजोर होते. रामभाऊजीकडं पाहा अन तुमच्याकडं पाहा! माह्या हट्टापायी तुमी चालले."

"अवं, रामभाऊनं तवा कधी हात नोता लावला! ते खोटं होतं सारं, पाटलाचं, माह्यं!"

"खोटं कसं? रोज दुकानात दिसतात मले ते."

आता हिला कुठून सुरुवात करून सांगावं, ते पुंजाजीला कळेना. त्यानं शेवटचा उपाय करून पाहिला. "अन तू कामरगावले जानार होती, त्याचं काय?"

"नवरा जिता असला तं सोडून जाता येते," प्रयागबाई डोळे पुसत म्हणाली. "मेल्यावर मी कोनाले सोडून जाऊ?"

सगळ्या गावाशी, वाऱ्याशी, सरकारशी पुंजाजी एकटा झगडला होता, ते हिच्यासाठी. आता हीच समोर बसून हात जोडत होती. हिऱ्या पलीकडे उभा होता आणि मान वळवून त्यांच्याकडेच पाहत होता.

"हिऱ्याले कडबा टाकून दे," पुंजाजी हळूच म्हणाला.

"माह्या हातचा खाते का तो? तुमीच टाकता ना रोज."

"आज तूच टाक."

ती उठून गेली. पुंजाजी बैलाकडे पाठ करून बसला आणि पाटाच्या पाण्यात फडकं भिजवू लागला.