अधिकार आहे, वीज नाही

दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या डॉक्टर शशिधर यांच्या घरची वीज तोडली गेली, ती अगदी रीतसर. कारण होतं त्यांच्या पत्नी अनुराधाबाईंचा पाहुणचार.

वीज कंपनीचा एक विक्रेता पावसात भिजत दारात आला. बाईंनी त्याला आत घेऊन चहा-चिवडा दिला. जाताना तो म्हणाला, "मी येऊन गेलो, एवढं साहेबांना दाखवायला सही द्या." एवढा भिजलेला माणूस, बाईंनी दिली. त्या सहीसरशी घराची वीज जुन्या कंपनीकडून त्याच्या कंपनीकडे गेली. चिवड्याची कीर्ती पसरली आणि आणखी तीन कंपन्यांची माणसं तृप्त होऊन, सह्या घेऊन गेली. शेवटी चारही कंपन्यांनी "ग्राहक दुसरीकडे गेला" असं ठरवून वीज बंद केली.

यंदा तिथल्या मराठी मंडळाचा गणपती प्रथमच बाईंकडे बसणार होता. घरात अंधार राहिला, तर तो मंडळातल्याच मंजिरीकडे जाणार होता. मंजिरीने पडदेसुद्धा धुवायला टाकले होते.

"काळजी करू नकोस गं, इथे सिस्टीम आहे," असं म्हणत डॉक्टरांनी वीज नियामकाकडे तक्रार केली. नियामकाने कंपन्यांना फटकारलं. आम्हाला फटकारण्याचा याला अधिकारच काय, असं विचारत कंपन्या हायकोर्टात गेल्या.

निकाल लागला तेव्हा डॉक्टर पेढे घेऊनच आले. "जिंकलो! वीज पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीवर नियामकाचा संपूर्ण अधिकार आहे!"

"मग वीज कधी येणार?"

"ते पुढच्या पानावर आहे. आपल्याला सध्या कोणतीच कंपनी वीज पुरवत नाही. त्यामुळे आपल्यापुरता अधिकार चालवायचा कुणावर, हा प्रश्नच उद्भवत नाही."

"म्हणजे आधी वीज यायला हवी, मग वीज नसल्याची तक्रार करायची?"

"कोर्टाने ते फार सुंदर भाषेत म्हटलंय."

दुसऱ्याच दिवशी पाचवा विक्रेता आला. बाईंनी सहीसाठी आपणहून हात पुढे केला.

"सॉरी मॅडम," तो म्हणाला, "आम्ही फक्त दुसऱ्यांचे ग्राहक पळवतो. तुम्ही तर कुणाच्याच नाही."

"काहीच करता येणार नाही?"

"तुम्हाला कुठून तरी पळवल्याचं दाखवता येईल. पण मला ओळखीतली नावं द्या. सज्जन माणसं हवीत. शिकलेली, नाही म्हणायला संकोचणारी."

संध्याकाळी घर उजळलं. गणपती बाईंकडेच बसला. मंजिरीकडे अंधार आहे.

अर्थात, एका नावावर भागलं नाही. विक्रेत्याने आणखी मागितली आणि तुमचं नाव बाईंनी आडनावासकट, अगदी खात्रीने दिलं आहे.