साहेबांना सांगू नये

साल दोन हजार सहा. तेव्हा संध्याकाळी घरी जाताना कॉम्प्युटरवर कापडी आच्छादन घालायची पद्धत होती. दोन खोल्यांच्या त्या ऑफिसात तारखांची आकडेमोड करणारी लायब्ररी तयार होई, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड. तिची माहितीपुस्तिका कोणी वेगळी लिहीत नसे. ताई कोडमध्ये जागोजागी टिपा लिहीत आणि त्यातल्या ठरावीक खुणेच्या उचलून मशीनच पानं तयार करी; बाकीच्या कोडमध्येच राहत.

त्या दुपारी एक मोठं गिऱ्हाईक करारावर सही करायला येणार होतं. ते हातचं गेलं तर ऑफिसला कुलूप, हे ताई आणि ऑफिसचे मालक साहेब, दोघांनाही ठाऊक होतं. "पानांत मूळ कोडही दिसू द्या," असा सकाळी त्यांचा निरोप आला. ताईंनी सेटिंगमध्ये खूण केली, पानं पाठवून दिली आणि चहा ओतला.

साहेब पानं चाळत बाहेर आले. "ताई, हे काय? 'हा भाग साहेबांनी लिहिलाय. चालत नाही. खाली नवा लिहिलाय. साहेबांना सांगू नये.'"

ताईंनी कप बशीत ठेवला. "ते आपलं घरातलं बोलणं आहे, साहेब."

"आता ते गिऱ्हाइकाच्या टेबलावर आहे."

"सगळ्या टिपा काढते नि नवी पानं धाडते."

"धाडा लवकर."

ताईंनी झटक्यात टिपा पुसल्या, पानं तयार करून धाडली आणि मग उघडून पाहिली. पुस्तिका टिपांवरच उभी होती. आता नुसती शीर्षकं आणि खाली उघडा कोड. समजावणारं एक वाक्य नाही.

"आधी बघायचंत तरी," साहेब म्हणाले.

"तुम्हीच लवकर म्हणालात."

गिऱ्हाईक आलं ते सकाळचीच पानं काखेत मारून. "दुसरी राहू द्या, आम्हाला हीच हवीत. बाकीचे म्हणतात, आमच्यात चूकच नाही. तुम्ही कुठे काय बिघडतं ते लिहून ठेवलंय." मग जरा घुटमळून, "फक्त, हे साहेब अजून कोड लिहितात का हो?"

ताई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

साहेबांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. "छे, छे. त्यांना आम्ही केव्हाच लांब ठेवलंय."

पुसलेल्या टिपा ताईंनी परत घातल्या आणि ते गिऱ्हाईक पुढे बरीच वर्षं टिकलं. ताई तिथूनच निवृत्त झाल्या. आता नातीच्या गृहपाठाच्या वहीत समासात टिपा लिहितात. साहेबांनी शब्द पाळला, पुन्हा कोडला हात लावला नाही. फक्त ताईंच्या निरोपाच्या दिवशी त्यांनी त्या जुन्या टिपेखाली एक ओळ घातली. पुस्तिकेत ती अजून दिसते: 'साहेबांना माहीत आहे. नवा भाग उत्तम चालतो.'