मूळ चेहरा घेऊन या

डॉक्टरांनी रोज धावायला सांगितलं आणि शेजारच्या टिप्सकाकांनी दाराला चेहरा ओळखणारं कुलूप बसवायला सांगितलं, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. पहिला सल्ला फी घेऊन दिलेला होता, दुसरा फुकट. साहजिकच दुसऱ्याची अंमलबजावणी आधी झाली.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते गृहस्थ एका मोठ्या कार्यालयात पडताळणी कारकून होते. अर्जावरचा फोटो आणि खिडकीसमोरचं माणूस जुळतंय की नाही, हे पाहणं त्यांचं काम. आजारपणानं वाळलेल्या, वयानं वाकलेल्या, नुसती दाढी काढलेल्यासुद्धा कित्येकांना त्यांनी "फोटोतल्या माणसाला घेऊन या" असं सांगून परत पाठवलं होतं. समोरचा रडो की ओरडो, यांचा आवाज कधी चढला नाही. या गुणाबद्दल त्यांना कार्यालयात मोठा मान होता.

टिप्सकाका निवृत्त होते आणि त्यांना प्रत्येक विषयावर मत होतं. दूध उतू जाऊ नये म्हणून काय करावं, फोन रात्रभर चार्जिंगला का लावू नये, धावताना श्वास नाकानं घ्यावा की तोंडानं, सगळं ते न विचारता सांगत. स्वतः मात्र एक जिना चढले की कठड्याला धरून उभे राहत.

"किल्लीचा जमाना गेला," काका म्हणाले. "किल्ली हरवते हो. चेहरा कुठे हरवतो?"

बिनतोड मुद्दा होता. कुलूप बसलं. भरपेट जेवण झाल्यावर कारकुनांनी दारासमोर उभं राहून आपला चेहरा नोंदवला: गोल गाल, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आणि डोळ्यांत झोप. काकांच्याच सल्ल्यानं फ्रिज, गिझर आणि दिवेही कुलपाला जोडून घेतले. मग ते धावू लागले.

पहिल्या सकाळी लालबुंद होऊन परतले तर दार म्हणालं, "अनोळखी व्यक्ती. कृपया आपलं काम सांगा."

चेहरा निवेपर्यंत ते जिन्यावर बसून राहिले. हे नंतर कळल्यावर बायकोला हसू आवरेना. "बरोबर आहे त्याचं," ते गंभीरपणे म्हणाले. "नोंदीत घाम नाहीये."

पुढे गाल उतरले. दुसरी हनुवटी गेली. रक्तातली साखर खाली आली, डॉक्टर खूश झाले आणि दार पार बिथरलं. आता ते थंड चेहऱ्यालाही ओळखेना. बायको आतून दार उघडून त्यांना घरात घेई, तेव्हा दार त्यांची 'पाहुणा' अशी नोंद करी. पाहुण्यांना फ्रिज उघडत नसे. निजायच्या खोलीतला दिवा पाहुण्यांसाठी लागत नसे. आणि थोडा वेळ झाला की दार आपोआप उघडून म्हणे, "आपण आलात, आनंद झाला."

"अहो, हे तुम्हाला हाकलतंय!" बायको म्हणाली आणि तिनं मदत-केंद्राला फोन लावून त्यांच्या हाती दिला.

"नवा चेहरा नोंदवायला मालकांची संमती लागेल, सर," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"मीच मालक आहे."

"मग दारासमोर उभे राहा."

"दार मला ओळखत नाही."

"मग तुम्ही मालक नाही, सर. मालकांचा मूळ चेहरा घेऊन या."

आपलंच वाक्य इतक्या शुद्ध स्वरूपात कारकुनांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. बायकोनं फोन हिसकावला. "मी सांगते ना, हे माझे मिस्टर आहेत! नाहीतर काढून न्या तुमचं कुलूप!"

"मॅडम, नोंदीत तुम्ही सहरहिवासी आहात. मालक कोण, हे सहरहिवासी ठरवत नाहीत. आणि कुलूप काढायलाही मालकच लागतील."

एवढ्यात उसनी नेलेली शिडी परत करायला टिप्सकाका आले. त्यांनी बेल वाजवण्याआधीच दार सताड उघडलं. "स्वागत आहे, मालक," दार म्हणालं. गिझर चालू झाला. निजायच्या खोलीतला दिवा लागला.

गोल गाल, दोन हनुवट्या, डोळ्यांत झोप: काका नोंदीशी तंतोतंत जुळत होते. ते लाजले. बायको मात्र उडालीच. "काका, आता हलू नका! तिथेच उभं राहून संमती द्या, की यांचा नवा चेहरा नोंदवून टाकू. दोन मिनिटांचं काम आहे!"

"थांबा," कारकून म्हणाले. "काका मालक नाहीत. मालक नसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर संमती घेणं म्हणजे खोटी पडताळणी. आयुष्यात मी ती केलेली नाही."

"अहो, घर तुमचं आहे!"

"म्हणूनच."

बायको मटकन खाली बसली. मग म्हणाली, "तुम्ही धावून यायचात ना, तेव्हा जिन्यावरून तुमचं गुणगुणणं ऐकू यायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला आवडायला लागला होता हो तो माणूस."

पण कारकून तत्त्वाचे पक्के होते. "त्या माणसाची नोंद नाही गं," ते म्हणाले.

बूट माळ्यावर गेले. काकांनी वजन वाढवण्याच्या टिप्स दिल्या, याही फुकट. तूप, तळण आणि दुपारची झोप सुरू झाली. गाल भरले, हनुवटी परतली आणि एका संध्याकाळी दार म्हणालं, "स्वागत आहे, मालक." डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हृदय फार काळ साथ देणार नाही. कारकून म्हणाले, "पण दार देतंय."

त्यांनी कंपनीच्या पानावर अभिप्रायही लिहिला: 'अत्यंत काटेकोर कुलूप. पाच तारे. टीप: बसवल्यानंतर धावू नये.' त्याखाली 'उपयुक्त वाटलं' असं कळवणाऱ्यांची रीघ लागली आहे. जिन्यावरून मात्र आता कुणाचं गुणगुणणं ऐकू येत नाही.

तुम्हाला हसू येतंय? आवरा जरा. तुमच्या ओळखपत्राचा फोटो काढला तेव्हा तुम्ही हसत नव्हतात.