लिंडन स्ट्रीटवरच्या एकसष्ट फेऱ्या

ऑरिन ट्वेटचं म्हणणं असं, की माणूस खोटं बोलतो, नकाशा खोटं बोलतो, एखादे वेळी पाद्रीसुद्धा बोलतो. रस्त्यावर आडवी टाकलेली रबरी नळी मात्र कधी खोटं बोलत नाही. गाडीचं चाक तिच्यावरून गेलं की आत हवेचा ठोका पडतो, कडेच्या डबीत आकडा चढतो, विषय संपला. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात तो एकतीस वर्षं गाड्या मोजत आला होता. नवं दुकान व्हायचं असो की शाळा, तिच्यापायी रस्त्यावर किती गर्दी वाढेल याचा अहवाल गावच्या मंडळापुढे ठेवायचा, हा त्याचा पेशा. एकतीस वर्षांत त्याचा एकही अहवाल कुणी परत पाठवला नव्हता. हे तो कुणी न विचारता सांगायचा, आणि ऐकणारा माणूस आधी ऐकलेलं आहे हे चेहऱ्यावर दिसू न देता ऐकून घ्यायचा.

त्या वर्षी मे महिन्यात त्याच्या टेबलावर हाल्डॉर्फचं काम आलं. हाल्डॉर्फ म्हणजे त्याचं स्वतःचंच गाव. लिंडन स्ट्रीट जिथे हमरस्त्याला मिळतो तिथली लोण्याची डेअरी बंद पडून नऊ वर्षं झाली होती. त्या जागेवर एका कंपनीला दवाखान्यांची दुमजली इमारत बांधायची होती. वर डॉक्टरांच्या खोल्या आणि खाली डायलिसिसच्या बारा खुर्च्या.

आता ऑरिनची थोरली बहीण मार्लिस राहायची लिंडन स्ट्रीटवरच, डेअरीपासून सातव्या घरात. वय अडुसष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढलेला, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, आणि चार वर्षांपूर्वी दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकलेले. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस तिला अठ्ठावन्न मैलांवर यंत्राला जोडून घ्यायला जावं लागे. जाताना सव्वा तास, यंत्रावर चार तास, येताना सव्वा तास. यंत्रावरून उठल्यावर तिला गाडी चालवता येत नसे, म्हणून सोमवारी ऑरिन न्यायचा. बाकीच्या दोन दिवशी चर्चमधली माणसं आळीपाळीनं.

कचेरीतल्या डॅग्नी कोल्बनं त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, “बहिणीचा प्रश्न आहे. हे काम मी करू का?”

“नळीला कुठे ठाऊक आहे माझी बहीण कोण ते,” ऑरिन म्हणाला.

बोलून गेला खरा, पण त्याच्या मनानं त्याच दिवशी एक गाठ मारून घेतली. ह्या कामात तसूभरही झुकायचं नाही. झुकलोच, तर बहिणीच्या उलट बाजूला झुकू, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ ह्या गाठीत होतं.

मोजणी मंगळवार, बुधवार, गुरुवार अशी ठरली. शाळा चालू असतानाचे मधले तीन दिवस, नेहमीचा दंडक. सोमवारी मार्लिसला घरी सोडल्यावर ऑरिननं नळी ठोकली, डबी खांबाला बांधली आणि हात पुसत तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मार्लिसनं कॉफी ओतली. स्वतःसाठी अर्धा कप. पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं तिला.

“एकच सांग,” ती म्हणाली. “गाड्या जास्त निघाल्या तर बरं, की कमी?”

“मार्लिस, ह्यावर मला बोलता यायचं नाही.”

“अरे, मी काय गुपित विचारतेय? जास्त की कमी?”

“आकडा हा आकडा असतो. त्यात बरं-वाईट काही नसतं.”

“शाळेत असताना पण असाच होतास तू,” मार्लिस म्हणाली. “कुणी विचारलं भूक लागली का, तर घड्याळाकडे बघायचास.”

ऑरिन हसला, कॉफी संपवून उठला आणि सांगून गेला, की हे तीन दिवस मी ह्या रस्त्यावर पाऊल टाकणार नाही. उगाच लोकांच्या डोळ्यावर यायला नको. ‘कमी निघाल्या तर बरं’ एवढे चार शब्द तो बोलला असता तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. रस्ता जितका रिकामा, तितकी दवाखान्याची गर्दी त्यात मावणार. पण सांगितल्याशिवाय हे कुणाला कळावं?

मार्लिसनं आपल्या परीनं हिशेब मांडला. जिथे चिटपाखरू फिरकत नाही तिथे दुकान कोण घालतो? दवाखान्याचंही तेच असणार. लिंडन स्ट्रीटवर दिवसाला चार गाड्या निघाल्या तर कंपनी म्हणेल, इथे आहे कोण आजारी पडायला? तिनं चर्चमधल्या मैत्रिणींना फोन केले. मंगळवारी सकाळची न्याहारी आटोपून नऊ-दहा बायका आणि त्यांचे दोन-तीन नवरे गाड्या घेऊन निघाले. लिंडनवरून खाली, डेअरीला वळसा, मागच्या गल्लीतून वर, पुन्हा लिंडन. नळीवरून गेलं की धप् असा आवाज यायचा. मार्लिसनंही आपली गाडी काढली होती आणि विणकामात ओळी मोजायचं चिमुकलं यंत्र अंगठ्यात अडकवलं होतं; प्रत्येक धप्‌ला एक कळ दाबायची.

दुसऱ्या बाजूला होते व्हर्लिन स्ट्रोबेल. शाळेच्या बँडचे निवृत्त मास्तर, शिस्तीचा माणूस. त्यांना ही इमारत नको होती. रस्त्यावर शांतता हवी होती. त्यांचं गणित मात्र बरोबर होतं: रस्ता आधीच तुडुंब दिसला तर नव्या इमारतीला परवानगी मिळायची नाही. त्यांनीही दहा-बारा जणांना गोळा करून, वेळापत्रक छापून, गाड्या सोडल्या.

म्हणजे बघा, त्याच रस्त्यावर, त्याच वळशानं, दवाखाना हवा असणारे आणि नको असणारे एकामागोमाग एक फिरत होते. वळणावर एकमेकांना हात करत होते. मार्लिसला वाटलं, स्ट्रोबेल मास्तर आपल्या बाजूला आले, देव पावला. मास्तरांना वाटलं, बाईला उशिरा का होईना शहाणपण सुचलं. दुपारी तर मास्तरांच्या बायकोनं सगळ्यांना गाडीच्या खिडकीतून रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या वाटल्या. मार्लिसनं आपली वडी कागदात गुंडाळून ठेवली. पथ्यामुळे तिला ती चालत नव्हती.

मंगळवारी तिच्या चौतीस फेऱ्या झाल्या. बुधवारी यंत्रावर जायचा दिवस. गुरुवारी अंगात त्राण नव्हतं, तरी सत्तावीस.

शुक्रवारी डॅग्नीनं डबीतले आकडे काढले आणि कागद ऑरिनपुढे धरला. बेचाळीस घरांचा रस्ता, चारशेच्या आसपास गाड्या निघायच्या. निघाल्या होत्या मंगळवारी तेराशे बारा, बुधवारी हजार अठ्ठ्याहत्तर, गुरुवारी चौदाशे पाच.

“हे फेकून दे,” डॅग्नी म्हणाली. “सकाळी सातला रस्त्यावर कुणी नाही आणि दहाला जत्रा? कुणीतरी खेळ केलाय. पुन्हा मोजू.”

ऑरिननं गाडी काढली, नळी तपासली, खिळे तपासले, डबीची बॅटरी तपासली. सगळं ठणठणीत. शेजारच्या एकाही घराची घंटा मात्र त्यानं वाजवली नाही.

“आकडा दीडशे निघाला असता तर फेकला असतास का?” परत येऊन त्यानं डॅग्नीला विचारलं.

“नसता. पण—”

“मग हाही फेकता येणार नाही. बहिणीसाठी ट्वेटनं आकडा बदलला, असं व्हायला नको.”

“आणि बहिणीपायी चुकीचा ठेवला, ते चालेल?”

ऑरिन डबी पुसायला लागला. रात्रीतून विचार बदलेल अशा आशेनं डॅग्नीनं कागद त्याच्या टेबलावर ठेवला. सोमवारी अहवाल रवाना झाला होता. निष्कर्ष: रस्ता आधीच भरलेला, दवाखाना हवा असेल तर सिग्नल बसवा, हमरस्त्याला वळणारी जादा मार्गिका बांधा, त्यासाठी दोन घरांची अंगणं घ्या.

मंडळाची बैठक जूनच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी होती. शाळेला आदल्या शुक्रवारी उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. गावच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. ऑरिननं अहवाल वाचला. आकडे वाचताना मार्लिस पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होती, चांगले गुण मिळालेल्या पोराच्या आईसारखी. निष्कर्ष आला आणि तिची मान थांबली.

कंपनीचा माणूस तरुण होता, सभ्य होता. तो म्हणाला, एवढा खर्च ह्या इमारतीला झेपणार नाही. जमिनीचा करार जूनअखेर संपतोय. दुसरं एक गाव आम्ही बघून ठेवलंय.

मार्लिस खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. “थांबा जरा. त्यातल्या एकसष्ट फेऱ्या माझ्या आहेत. त्या वजा करा.”

मंडळाच्या अध्यक्ष लव्हॉन पेट्री यांनी चष्मा काढला. “कसल्या फेऱ्या?”

मार्लिसनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज बारीक होत गेला. तिचं होतंय न होतंय तोच मागून दुसरी बाई उठली. “माझ्या अडतीस.” मग तिसरी. पेट्रीबाईंनी हात वर करायला सांगितले, तर पंचवीस हात वर आले. त्यात स्ट्रोबेल मास्तरांच्या बायकोचाही होता. “मला वाटलं तू दवाखान्यासाठी फिरतोयस,” ती नवऱ्याला म्हणाली, आणि सभागृहात हशा पिकला. मास्तरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. खुद्द मार्लिसही हसली.

हसू विरल्यावर पेट्रीबाई ऑरिनकडे वळल्या. “मिस्टर ट्वेट, तुम्ही एकतीस वर्षं हे करताय. ह्या फेऱ्या सोडून खऱ्या गाड्या किती, तुमच्या अंदाजानं?”

चारशे. त्याला ते झोपेतही सांगता आलं असतं. चारशे असतील तर सिग्नल नको, मार्गिका नको, काही नको. पंचवीस हात नुकतेच खाली गेले होते. समोर मार्लिस अजून उभीच होती. सगळा गाव त्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याला एवढंच दिसत होतं की सगळ्यांना ठाऊक आहे ही ह्याची बहीण.

“मोजल्याशिवाय सांगता येणार नाही,” ऑरिन म्हणाला.

“मग पुन्हा मोजा.”

“शाळेला सुट्टी लागली. आता ती उघडेल तेव्हा, सप्टेंबरात.”

कंपनीच्या माणसानं कागद गोळा केले. मार्लिस खाली बसली.

ती त्याच्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. घरी जाताना गाडीत म्हणाली, “माझंच चुकलं. हात दाखवून अवलक्षण.” ऑरिनला म्हणायचं होतं, तुझं नाही. पण गाव लहान, तोवर घर आलंही.

सप्टेंबरात त्यानं पदरची रजा टाकून तीन दिवस पुन्हा मोजलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी. मंडळानं आभाराचं पत्र पाठवलं. त्या महिन्यापासून आठवड्याच्या दोन दिवशी तो स्वतः मार्लिसला नेऊ लागला, आणि शुक्रवारी स्ट्रोबेल मास्तर. मास्तरांनी त्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढला नाही. ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात गाडी लावून, इंजिन चालू ठेवून बसायचे.

नोव्हेंबरात बर्फ लवकर आला. एका बुधवारी परतताना मध्ये दोन ट्रक आडवे झाले आणि सव्वा तासाचे साडेतीन तास झाले. मार्लिस कपाळ काचेला टेकून बसली होती.

“ऑरिन, मी आता थांबवणार आहे,” ती म्हणाली. “डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, तुमचा निर्णय. यंत्राचा मला त्रास नाही रे. ह्या रस्त्याचा कंटाळा आलाय.”

ऑरिननं वायपर बंद केले, पुन्हा चालू केले. “आणखी थोडे दिवस बघू. मी नोकरी सोडतो. आपण तिकडेच घर भाड्यानं घेऊ.”

“आणि तिकडे मी कुणाच्या खिडकीतून बघू? मला माझ्या घरात राहायचंय.”

पुढच्या वळणावर तो म्हणाला, “त्या दिवशी मला चारशे सांगता आले असते.”

“ठाऊक आहे मला,” मार्लिस म्हणाली. “मी उभी होते ना समोर. तुझं तोंड बघत होते. मला वाटलं, आता म्हणेल.”

त्यानं गाडी कडेला घ्यायचा प्रयत्न केला, पण कडेला बर्फाचा ढीग होता, घेता आली नाही. मग पुढे जेवायची जागा लागली तिथे थांबले. मार्लिसनं भाजलेला बटाटा मागवला, भरपूर लोणी घालून. चार वर्षं बटाटा तिला वर्ज्य होता. तिनं तो सावकाश, सालासकट संपवला. वाढणारी पोरगी येऊन म्हणाली, “आणखी काही?”

“आणखी एक,” मार्लिस म्हणाली. “आणि मिठाची बाटली इकडे दे.”

दुसरा अर्धाच खाल्ला. उरलेला ऑरिननं खाल्ला.

बारा दिवसांनी, सकाळी, तिनं स्वतःच्या पलंगावर डोळे मिटले. ऑरिन जवळ होता. मास्तरांची बायको स्वयंपाकघरात भांडी विसळत होती.

एप्रिलमध्ये डेअरीच्या जागेसाठी नवा अर्ज आला. गाड्या धुवायचं केंद्र. अहवाल डॅग्नीनं केला. ज्येष्ठ म्हणून सही ऑरिनची लागत होती, ती त्यानं केली. दिवसाला नव्या सहाशे चाळीस गाड्या, दवाखान्याच्या अंदाजाहून दीडशे जास्त. बैठकीला सात माणसं होती. अकरा मिनिटांत मंजुरी मिळाली. हरकत कुणाचीच नव्हती.

बाहेर पायरीवर स्ट्रोबेल मास्तर कोटाची बटणं लावत उभे होते. ऑरिन शेजारी येऊन थांबला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मास्तर म्हणाले, “गाडी धुवायची सोय नव्हतीच म्हणा गावात.”

“नव्हती,” ऑरिन म्हणाला, आणि हातातच असलेली किल्ली खिशात शोधू लागला.