एका खेपेत सगळं

त्या दिवशी नाशकात थंडी अशी पडली होती, की बाटलीतलं खोबरेल पार थिजून गेलं होतं आणि बाटली उलटी धरली तरी थेंब सोडत नव्हती. गोदेकडून बोचरं वारं सुटलेलं. पाथर्डी फाट्याजवळच्या त्या सोसायटीत ऊन जिन्याच्या पायरीशी येऊन थबकलं होतं, वर यायचं नाव घेईना. अशा हवेत शहाण्या माणसानं कानटोपी घालावी, चहा घ्यावा आणि कुणी काही विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करावं. गेणूआप्पा एरवी हेच करत. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी करतो की!"

आता हे 'मी करतो' कशाबद्दल, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. घाई नाही ना? मग बसा.

गेणूआप्पा मूळचे सायखेड्याचे. उभा जन्म कांद्यात गेला. गुडघे कुरकुरायला लागले तसे आप्पा आणि सगुणाबाई मुलाकडे नाशकात राहायला आले. मुलगा सुयश आणि सून वेदिका, दोघंही अंबडला कंपनीत. आप्पांनी शाळा पाहिली ती बाहेरून. मराठी अक्षरं गावातल्या प्रौढांच्या वर्गात शिकले. इंग्रजी अक्षरं शिकले ती कांद्याच्या लिलावाला रांगेत उभं राहून, पुढच्या गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचून. त्यामुळं एम आणि एच ही त्यांची जिवाभावाची अक्षरं, बाकीची नुसती तोंडओळखीची.

घरात वेदिकाचा एक जुना कॉम्प्युटर होता. आप्पांनी आधी माउस धरून पाहिला. पण हात थरथरायचा आणि पडद्यावरचा बाण चुकार करडासारखा भलतीकडेच उड्या मारायचा. एकदा लग्नाचे फोटो बघता बघता त्यांनी सगळा पडदाच आडवा करून ठेवला आणि सुयश घरी येईपर्यंत मान वाकडी करून फोटो बघत बसले. (सगळं वऱ्हाड झोपलेलं दिसत होतं म्हणे.) तेव्हा कुठं वेदिकानं त्यांना काळी खिडकी दाखवली.

"आप्पा, इथं बाण नाही. इथं नुसता शब्द लिहायचा आणि एंटर दाबायचं. शब्द असेल तसं काम होतं."

आप्पांनी एकेक अक्षर हुडकून डीआयआर लिहिलं. आत काय काय ठेवलंय ते सरसर डोळ्यांपुढं आलं. सीडी म्हटलं की त्या खोलीत शिरायचं. एमडी म्हटलं की नवी खोली बांधून मिळायची. कॉपी म्हटलं की इकडच्या मालाची प्रत तिकडं जाऊन पडायची, आणि डेल म्हटलं की जागा झाडून साफ. सी म्हणजे घरचं वावर आणि पेनड्राइव्ह लावला की ई, म्हणजे बांधापलीकडचं. हे वेदिकानं नाही सांगितलं, आप्पांनीच बसवलं.

"आगं, हे तर बैलावानी हाय!" आप्पा हरखून गेले. "एक शबुद, एक काम. कामून म्हून इचारत नाय."

"बैलाला अक्कल तरी आस्ती," सगुणाबाई आतून म्हणाल्या. (हे बोलणं आप्पांनी तेव्हाच मनावर घेतलं असतं, तर मला आज सांगायला काही उरलं नसतं.)

आता सगुणाबाईंचं. सोसायटीच्या महिला मंडळाची संक्रांतीला एक पुस्तिका निघायची होती, पदार्थ आणि घरगुती उपाय यांची. मंडळाच्या अध्यक्ष वरच्या मजल्यावरच्या अनसूयाताई, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी सगुणाबाईंनाही लिहून द्यायला सांगितलं. "इश्श, माझं काय छापताय बाई!" असं म्हणून सगुणाबाईंनी पुढचे सगळे रविवार वेदिकाला कॉम्प्युटरपुढून उठू दिलं नाही. त्या सांगायच्या आणि वेदिका टाइप करायची. आमटीची फाइल वेगळी, घारग्यांची वेगळी, शेंगोळ्यांची वेगळी. नाव फाइलीला दिलेलं, म्हणून आत पुन्हा लिहीत बसली नाही.

हसू नका, पण सगुणाबाईंचं नाव आजवर छापून आलं होतं ते एकदाच, त्यांच्या लग्नपत्रिकेत. तिथंही छापणाऱ्यानं घाईत शकुंतला छापलेलं. तेव्हापासून बाईंच्या मनात ती जागा रिकामीच होती.

तर त्या सकाळी वेदिका स्कूटीची किल्ली शोधत होती आणि अनसूयाताई दारात आल्या.

"वेदिका, संध्याकाळी छापखान्याचा माणूस येतोय गं. सगुणाताईंचं सगळं पेनड्राइव्हवर देशील ना?"

"अय्या! आज? मला तर आत्ता निघायलाच..."

"मी करतो की!" आप्पा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. सगुणाबाई जरा जास्तच वेळ.

"जमेल, आप्पा?" वेदिकानं विचारलं.

"आगं, फोटू नाय का नेले मागं? तसंच ना हे?"

तसंच नव्हतं. फोटोंच्या वेळी पलीकडची खोली वेदिकानं आधीच बांधून ठेवली होती. पण हे त्या गडबडीत ना तिच्या लक्षात आलं, ना आप्पांच्या.

जाता जाता अनसूयाताई म्हणाल्या, "आणि सगुणाताई, तो टाचांच्या भेगांचा मलम विसरू नका हं. बघा माझ्या टाचा! मी काही पुस्तिका निघायची वाट बघणार नाही, आजच करून लावणार."

घर रिकामं झाल्यावर आप्पा काळ्या खिडकीपुढं बसले. बोटं गारठून काटक्या झालेली. फुंकर मारली, काखेत घालून पाहिली, तरी वळेनात. पलीकडं आधी 'सगुणा' नावाची खोली बांधायची आणि मग माल न्यायचा, हे आता त्यांना आठवलं. पण एमडी म्हणजे आणखी टकटक. बैलाला 'घरी' म्हटलं की गोठ्याचं दार कुठंय ते सांगावं लागतं का? कळेल त्याचं त्याला! असं म्हणून त्यांनी एकदम कॉपीच लिहिलं: सगळ्या फायली, ईवर, सगुणात.

एकामागून एक नावं पडद्यावरून धावत गेली. शेवटच्या ओळीत एकाचा आकडा आला. म्हणजे सगळ्यांची मिळून एकच फाइल झाली, असं यंत्र बिचारं सांगत होतं. पण आप्पांनी आकडा वाचला तो कांदेवाल्याच्या डोळ्यांनी.

"ऐकलंस का गं," ते ओरडले, "एका खेपेत सगळं गेलं!"

आणि इथं आप्पांची जन्माची सवय आडवी आली. कांदा ट्रॅक्टरमध्ये भरला, की मागं साठवणीच्या चाळीत एक पातसुद्धा ठेवायची नाही, खराटा मारून चाळ लख्ख करायची. सायखेड्यात या टापटिपीबद्दल त्यांचं नाव होतं. आप्पांनी त्याच समाधानात डेल लिहिलं. सगळ्या फायलींना. एंटर. पडदा काही बोलला नाही. बैलसुद्धा एकदा मान वळवून बघतो, यानं तेही केलं नाही.

दुपारी सगुणाबाई पदराला हात पुसत आल्या. "वाचा बरं जरा. आमटीत मी सुकं खोबरं सांगितलं का नाय, बघू द्या."

आप्पांनी पेनड्राइव्ह उघडला. आत 'सगुणा' नावाची फाइल एकटीच होती. ती उघडली आणि बोट ठेवून वाचायला लागले.

"काळा मसाला मूठभर... कोणाची मूठ ते बघून... खोबरं भाजून..."

"हां, हाय. पुढं?"

"...तर्री वर येस्तोवर उकळू द्यावी. मेण बारीक चिरून..."

"काय चिरून?"

"मेण."

"आमटीत?"

"तूच सांगितलं आसंल."

"मी आमटीत मेण सांगीन?" सगुणाबाई खुर्चीजवळ आल्या. "खालती करा बरं. आजून खालती. आवं, ह्ये संपत का नाय?"

संपत नव्हतं. आमटी मलमात शिरली होती, मलम घारग्यात, घारगे लोणच्यात आणि लोणचं शेंगोळ्यात. मध्ये नाव नाही, रेघ नाही, मोकळी जागा नाही. शिवाय सगुणाबाईंचं सांगणं म्हणजे 'मग ते घ्यायचं, त्यात हे टाकायचं, जरा तसं झालं की उतरवायचं.' यातलं 'ते' कोणतं आणि 'तसं' म्हणजे कसं, हे फाइलीच्या नावावरूनच कळायचं. आणि नावं तर आप्पांनी झाडून टाकलेली.

त्यांनी वेदिकाला फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.

"आप्पा," ती म्हणाली, "आता कशाला म्हणजे कशालाही हात लावू नका. मी अर्धी रजा टाकून येते."

फोन ठेवल्यावर सगुणाबाई म्हणाल्या, "तुमीच सांगा ना मंग. उभा जन्म माझ्या हातचं खाताय. ह्यो ववा कशातला?"

आप्पांनी विचार केला. खूप केला. "लोणच्यातला?"

"शेंगोळ्यातला! आन् सुंठ?"

"आमटीतली."

"आमटीत सुंठ!" बाई मटकन बसल्या. "म्हंजे मी रांधत ऱ्हायले आन् तुमी नुसतं गिळत ऱ्हायले."

बाई रागावल्या असत्या तर सवयीचं होतं. पण त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या. नाय तर नाय छापून यायचं. कुठं अडलंय." ते मात्र आप्पांना थंडीपेक्षा जास्त लागलं.

वेदिका आली ती हेल्मेटसकट पडद्यापुढं बसली. "आप्पा, तिकडं सगुणा नावाची खोलीच नव्हती. म्हणून त्यानं सगळ्या फायली एकात एक ओतल्या आणि त्या ढिगाला सगुणा नाव दिलं."

"म्हंजे चाळ न बांधता मी कांदा ओतला."

"हो."

"मी! कांदेवाला आसून!"

"आणि जुनी चाळ झाडली. डेलनं गेलेलं कचऱ्याच्या टोपलीत पण पडत नाही हो, आप्पा, सरळच जातं."

"हान मला," आप्पा म्हणाले.

"आधी वाचा," वेदिका हसून म्हणाली. "तुम्ही वाचा, आई सांगतील कुठं तोडायचं, मी तोडते."

मग बैठक बसली. आप्पा बोट ठेवून वाचत होते, एवढ्या मन लावून ते प्रौढांच्या वर्गातही वाचले नसतील. सगुणाबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच हात वर करायच्या. "थांब! इथं आमटी संपली." हळूहळू त्यांचा आवाज चढायला लागला, मान ताठ झाली. "बघ, मेणाच्या आंगुदर! तोड तिथंच." आमटी मोकळी झाली. मलम सुरू झाला.

तेवढ्यात दूध उतू जायचा वास आला आणि सगुणाबाई आत पळाल्या. वेदिकाचा फोन वाजला, कंपनीतून साहेबांचा. ती फोन कानाला धरून म्हणाली, "वाचा, आप्पा, वाचा."

"मेण तेलात इरघळलं की उतरवावं. गूळ किसून घालावा, चांगला कालवून घ्यावा. लाल भोपळ्याचा कीस..."

"भोपळ्यापासून घारगे ना?"

"व्हय, भोपळा घारग्याचाच. येवढं मला कळतं."

"आणि गूळ? मलमात की घारग्यात?"

एवढ्या दुपारात आप्पांना खात्रीनं माहीत असलेली ही पहिलीच गोष्ट होती. बैलाचा पाय मुरगळला की त्यांनी स्वतःच्या हातानं गूळ-चुना चोपडलेला. पायाला गूळ लावतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"मलमात," ते ठासून म्हणाले. "औशध हाय ते पायाचं."

"नक्की, आप्पा?"

"आगं, शंभर टक्के!"

वेदिकानं साहेबांना "हो सर" म्हणत गूळ मलमातच ठेवून त्याच्या पुढं तोडलं. सगुणाबाई दुधाचं पातेलं उतरवून आल्या तेव्हा भोपळा शिजत होता. मग लोणचं सुटलं, शेंगोळे सुटले. वेदिकानं आप्पांकडूनच एमडी लिहून घेतलं, खोली बांधली, मग माल आत नेला. आणि या खेपेला मागची चाळ तशीच भरलेली राहू दिली. संध्याकाळी अनसूयाताई पेनड्राइव्ह घेऊन गेल्या. जेवताना आप्पांनी आमटीचा भुरका मारला आणि हळूच म्हणाले, "खोबरं हाय यात. भाजलेलं." सगुणाबाईंनी त्यांच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

दुसऱ्या दिवशी थंडी तशीच होती. आप्पा जिन्याच्या पायरीवर उन्हाला बसले होते, जरा ताठच. अनसूयाताई एकेक पायरी जपून उतरत खाली आल्या, टाचा अधांतरी धरून. आप्पांच्या शेजारी टेकल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या, झोप न झालेल्या दिसत होत्या.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "काळजी करू नका, छापखान्याला मी सकाळीच फोन केलाय, गूळ पुन्हा घारग्यात घालायला सांगितलाय. सगुणाताईंचं नाव पहिल्या पानावर आहे, आणि ते शकुंतला नाही, हे मी स्वतः बघितलंय. माझ्या टाचाही खरंच मऊ झाल्या हो. फक्त तुमच्या त्या काळ्या खिडकीत मुंग्यांना अंथरुणातून उठवून परत पाठवायचा एखादा शब्द असेल, तर तेवढा मला लिहून द्या."