कंपनीच्या चार ओळी

"यंदा बघाच, कंपनीचं बियाण्याचं पाकीट परत पाठवतो की नाही!" अध्यक्षांनी भरसभेत सांगितलं. सभेत अकरा जण होते, त्यातले नऊ जागे होते. अध्यक्ष म्हणजे काकडी पिकवणाऱ्यांच्या गटाचे. त्यांना कुणी निवडून वगैरे दिलं नव्हतं. पहिल्या बैठकीला खुर्ची एकच होती आणि तिच्यात हे बसले होते, एवढंच.

भानगड अशी होती. या सगळ्यांची काकडी घ्यायचा तो खारवलेल्या काकडीच्या बरण्या भरणारा एकच कारखाना, आणि त्याची अट अशी की बियाणं एका ठरावीक कंपनीचंच हवं. त्या काकडीचं बी धरून पेरलं तर पुढच्या खेपेला काय वाटेल ते उगवायचं. म्हणून दरवर्षी नवं पाकीट! अध्यक्षांच्या बायकोने मात्र सात वर्षं सरळ तेवढ्या काकड्या निवडून, त्यांचंच बी धरून घरचं वाण तयार केलं होतं. काकडी कशी, तर पट्टीने आखल्यासारखी. कारखान्याच्या खरेदीवाल्या मॅडमनी ती पाहिली आणि भल्या बाईने मार्ग काढला. एकाच शेतात चार ओळी कंपनीच्या लावा, चार तुमच्या. देखभाल सारखी ठेवा. तुमची काकडी मापात उतरली तर अट काढायला लावणं माझ्याकडे लागलं.

शेत अध्यक्षांचं, आणि देखभालीची पाळी अकरा जणांत वाटलेली. एवढी एकी त्या गटात आधी कधी झाली नव्हती.

मग कंपनीचा साहेब आला, आपल्या ओळींपुढे पाटी रोवून गेला, आणि तिथेच घात झाला. अध्यक्षांच्या मनात आलं, साहेब आता अधूनमधून येणार, फोटो काढणार. त्यांच्या ओळींत गवत दिसलं तर आपली काय शोभा? त्यांनी बसून त्या चार ओळी खुरपल्या. घरच्या ओळी राहिल्या. आपल्याच तर आहेत, घरचं माणूस उशिरा जेवलं तरी चालतं. पाणी सोडतानाही आधी पाटीकडे, आणि मोटर बंद व्हायच्या आत उरेल ते इकडे. हे सगळं त्यांनी इतक्या साध्या मनाने केलं की आपण काही वेगळं करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तोडणीच्या दिवशी मॅडम आल्या, साहेबही आला. मॅडमनी मापाची लाकडी चौकट काढली. कंपनीच्या काकड्या तिच्यातून सुळसुळ गेल्या. घरच्या काकड्या पाण्यावाचून आखडून विळ्यासारख्या वाकल्या होत्या, त्या चौकटीत अडकून बसल्या. एक तर मॅडमना दोन्ही हातांनी ओढून काढावी लागली. अध्यक्षांच्या बायकोने ती वाकडी काकडी हातात घेतली आणि कुणाकडेच पाहिलं नाही.

मॅडमचा चेहरा पडला. "देखभाल दोन्हीकडे सारखीच झाली ना? नीट आठवून सांगा."

अध्यक्षांना आत्ता कुठे ती खुरपणी आणि ते पाणी आठवलं, पण साहेब शेजारीच उभे. पाहुण्यांच्या तोंडावर काय सांगणार?

"अगदी सारखी," अध्यक्ष म्हणाले. साहेबांनी खूश होऊन मान हलवली, आणि मेलं, अध्यक्षांना तेवढ्यातही बरं वाटलं!

मॅडम आणि साहेब एकाच गाडीने गेल्यावर मंडळी बांधावर बसली. बायकोने एकेकाला विचारायला घेतलं. शेजारच्याने चाचरत सांगितलं की गांडूळखताची दोन पोती त्याने पाटीकडे टाकली होती, साहेबांना बरं वाटावं म्हणून. दुसऱ्याने तिकडच्या वेलींना नवी सुतळी बांधली होती. तिसरा म्हणाला की तो रोज तिकडची कीड हाताने वेचायचा, पण देवाशपथ, इकडे टाकायचा नाही, लांब नेऊन टाकायचा. अकराच्या अकरा जणांनी हेच केलेलं! ठरवून केलं असतं तर इतकं जमलं नसतं.

"सात वर्षं मी एकेक काकडी हातात धरून निवडली," ती म्हणाली. तिचा आवाज चढलाही नव्हता, म्हणून अध्यक्षांना जास्तच लागलं. "आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचं बाळंतपण केलंत. अहो, मॅडम अहवाल संध्याकाळी देणार आहेत. आत्ता फोन करा. खरं काय ते सांगा."

अध्यक्षांना अगदी पटलं. चूक आपली, पाप आपलं, सांगून टाकायचं. त्यांनी घसा साफ केला, नंबर लावला. दहा जण भोवती उभे राहिले, बायको अगदी समोर.

"बोला," मॅडम म्हणाल्या. "काही राहिलं का सांगायचं? खरंच असेल तर आत्ताच सांगा, मी अजून लिहिलेलं नाही."

अध्यक्षांनी तोंड उघडलं. तेवढ्यात गाडीतूनच मागून साहेबांचा आवाज आला, "कोण आहे?"

"काही नाही मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "साहेब आणि तुम्ही नीट पोचताय ना, एवढंच विचारायचं होतं."