सायलीचं शहर आणि तात्यासाहेबांचा व्हॉल्व्ह

या, असे पुढं सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही या. गोष्ट लांबून ऐकली की अर्धी सांडते. महाराज यायला अवकाश आहे, पेटीवाल्याचा चहा चाललाय, तोवर आमच्या मुकुंदवाडीतलं एक आख्यान सांगतो. आख्यानाआधी निरूपण हवं, तर तेही घ्या, एका वाक्यात: ज्याच्या हाती चावी, त्याला वाहता नळ बघवत नाही!

तर आमच्याकडं श्रद्धा सोसायटी आहे. एक गल्ली, दोन्ही बाजूंना रो-हाऊस. चेअरमन तात्यासाहेब. ते निवडून कधी आले हे कुणालाच आठवत नाही. बटण सापडत नसलेल्या पंख्यासारखे चालूच आहेत. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा व्हॉल्व्ह, आणि तो फिरवायची हातभर लांब लोखंडी चावी तात्यासाहेबांच्या देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी. दसऱ्याला तिला झेंडूचा हारसुद्धा!

आपल्या शहरात पाणी जावयासारखं येतं. कधीतरी येतं, अवेळी येतं, आणि आल्याबरोबर निघायची घाई. ते आलं की तात्यासाहेब चावी खांद्यावर टाकून निघणार. आधी डावी बाजू, मग उजवी. मिनिटाचा पक्षपात नाही! "व्हॉल्व्हपुढं सगळे सारखे," असं ते म्हणत. गल्लीत ड्रम, बादल्या, पातेली घेऊन पळापळ चालायची. तात्यासाहेबांच्या घरी मात्र ड्रम नव्हता. त्यांची टाकी कधी आटलीच नाही. "बाळकृष्णाची कृपा!" म्हणून ते हात जोडत, आणि जोडलेले हात खरेच भाविकाचे होते.

त्यांची नात सायली. पोरीला नगररचना शिकायची होती. कॉलेजची मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर, दुपारी चारला. कॉम्प्युटरच्या खेळात तिनं एक अख्खं शहर वसवलं होतं, तेच परीक्षकांना दाखवायचं होतं. रस्ते, शाळा, दवाखाने, कारखाने, उंच पाण्याची टाकी, आणि अठरा हजार माणसं! टाकीशेजारच्या पहिल्या घरावर तिनं प्रेमानं पाटीही लावली होती: तात्यासाहेब.

ऐन दुपारी तिचा माईक बंद पडला. मैत्रिणीचा हेडफोन आणायला तिला चिकलठाण्याला पळावं लागलं.

"तात्या, चारपर्यंत वस्ती वीस हजार होईल, आपोआप. तुम्ही नुसतं बसा. लॅपटॉप झोपू नये म्हणून माऊस हलवत राहा, आणि लाईट गेली तर घात नको म्हणून हे सेव्हचं बटण दाबा. बाकी कशाला हात लावायचा नाय! माझी ॲडमिशन आहे यात!"

"अगं पोरी, इतकी वर्षं सोसायटी चालवली मी! हे तर चित्रातलं गाव. यांना साधं भांडताही येत नाय!"

"अहो, पोरगी हात लावू नका म्हणलीय," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी चतुराबाई.

"बघतोय फक्त!"

पहिली दहा मिनिटं तात्यासाहेबांनी खरोखर फक्त बघितलं. मग त्यांना निळ्या रेघा दिसल्या. ते पाईप होते. पाईपात पाणी होतं. वाहत होतं. सकाळी वाहत होतं, दुपारी वाहत होतं, त्या गावात रात्र झाली तरी वाहत होतं!

"अरे देवा! चोवीस तास पाणी! माजतील ना लोक!"

घराला आग लागल्यावर माणूस जसा उठतो, तसे ते खुर्चीतल्या खुर्चीत उठले. खेळात व्हॉल्व्ह नव्हता, पण पाईपाचा एक तुकडा काढला की पुढचं पाणी बंद, बसवला की चालू, हे त्यांनी चुटकीसरशी ओळखलं. हात सवयीनं योग्य जागी गेला. तुकडा निघाला. आता डाव्या बाजूला पाणी सोमवारी, उजव्या बाजूला जमेल तेव्हा. ठराव मंजूर! आणि ठरावाखाली सही करावी तसं त्यांनी सेव्हचं बटण दाबलं.

घराघरांवर लाल थेंब लुकलुकायला लागले.

एवढ्यात शेजारचे गयासभाई वर्तमानपत्र परत द्यायला आले. "क्या हो रा चेअरमनसाब? ये लाल लाल क्या है?"

"तक्रारी."

"इत्ती?"

"येणारच. तक्रार आली म्हणजे लोक जिवंत आहेत! आपल्या गल्लीत येत नाय व्हय?"

"हौ, वो तो है," गयासभाई म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

हळूहळू थेंब कमी झाले. "बघा, सवय लागली!" तात्यासाहेब खूश. गयासभाईंनी चष्मा पुसून कोपऱ्यातला आकडा वाचला. "सवय नै हो साब, लोगां जा रे! अठरा के बारा हजार हो गए!"

माणसं गेली तसे कारखाने बंद पडले. कचरागाड्या थांबल्या. चौकाचौकात कचऱ्याचे असे ढीग की दौलताबादचा किल्ला लाजावा!

"टँकर मंगाव, टँकर!" गयासभाई ओरडले. टँकर सोडले. पण बिथरलेल्या लोकांना आधी शांत करायला हवं, म्हणून तात्यासाहेबांनी गावाच्या मध्यावर मंदिर बांधलं आणि पुढं भला मोठा मंडप घातला. कीर्तनाला गर्दी व्हावी हे कुणाला नको? झाली! उरलेलं सगळं गाव गाड्या काढून मंडपाकडं निघालं, चौक तुंबला, टँकर मधोमध अडकले. इतक्यात मंडपाशेजारी आग लागली. बंब निघाला. बंब टँकरच्या मागं अडकला. सुटला तेव्हा बंबात पाणी नव्हतं, कारण बंबाचं ठाणं उजवीकडं, आणि आज डाव्या बाजूचा दिवस होता!

आणि प्रत्येक उपायानंतर तात्यासाहेब इमानेइतबारे सेव्ह दाबत होते, म्हणजे मागं फिरायची वाट बुजवत होते.

चारला पाच कमी असताना सायली घामाघूम होऊन आली. तिनं पडद्याकडं बघितलं. काळी पडलेली घरं, ओस रस्ते, कोपऱ्यात आकडा: वस्ती चार.

"चार हजार?" तिनं आशेनं विचारलं.

"चार," गयासभाई हळूच म्हणाले.

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याला चावी लागत नाही. बोलायला वेळच नव्हता. पडद्यावर परीक्षक मॅडम उगवल्या. "दाखवा तुमचं शहर."

सायलीनं शहर दाखवलं. मग म्हणाली, "मॅडम, दुपारी इथं अठरा हजार माणसं होती. कुणी हल्ला केला नाही, भूकंप नाही. फक्त पाणी कोंडलं. ते कसं पसरत जातं, तेच दाखवते." आणि खेळानं ठेवलेल्या नोंदी वाचत कारखाने, कचरा, मंडप, बंब, सगळं आख्यान तिनं ओघात सांगितलं. मॅडम टेबलावर पुढं झुकल्या.

"छान. पण हे एक घर कसं उरलं? त्यात चौघं मजेत दिसतायत. बागेत कारंजंही चालू आहे!"

सायलीनं चित्र मोठं केलं. पाटी दिसली. तिनं पाईपाची रेघ बोटानं धरत नेली, आणि बोट थांबलं.

"मॅडम, पाईप याच्या पुढं तोडलाय. तोडलेली जागा म्हणजे इथला व्हॉल्व्ह, आणि या घराचं कनेक्शन त्याच्या अलीकडं आहे."

गयासभाईंनी पडद्याकडं बघितलं, खिडकीतून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या व्हॉल्व्हकडं बघितलं, मग स्वयंपाकघरातल्या भरभरून वाहणाऱ्या नळाकडं.

"तात्यासाब, अपनी गल्ली में बी वॉल्व आपके घर के बादच है ना?"

"म्हणून आपल्याला कधी ड्रम घ्यावा लागला नाय!" चतुराबाईंच्या हातून पळी पडली.

तात्यासाहेबांनी देव्हाऱ्याकडं पाहिलं. बाळकृष्ण लोण्यात हात घालून हसत होता. ही कृपा माझी नव्हे, असं सांगत असावा!

सायलीला प्रवेश मिळाला, मंडळी. गल्लीलाही न्याय मिळाला. प्लंबरनं चेअरमनचं कनेक्शन व्हॉल्व्हच्या पलीकडं नेलं, आणि चावी आता गयासभाईंच्या बायकोकडं, अख्तरीबींकडं असते. तात्यासाहेबांनी कुरकूर केली नाही. स्वतः जाऊन निळा ड्रम आणला.

पण एक आहे. आपल्याला नळाची पहिली गुरगुर झोपेतही ऐकू येते. त्यांना कुठली? उभा जन्म कृपेत गेलेला! तेव्हा तुमच्याकडं पाणी आलं की पहिली बादली लावताना त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा, आणि एक हाक मारा, "तात्या, पाणी आलंय!" परवा कुणी मारली नाही, तर आज कीर्तनाला बिचारे आंघोळ न करताच आलेत.

ते काय, तिथं खांबाआड बसलेत!